पूर्वीची चव, पूर्वीचं व्याज

मालवणच्या बाजारपेठेत मे महिन्यात दोन प्रकारची गिऱ्हाइकं फिरतात. एक भाव विचारणारं आणि दुसरं आठवण सांगणारं. दुकानदाराला दुसरं जास्त प्रिय. भाव विचारणारा घासाघीस करतो, शेजारच्या दुकानात डोकावून येतो आणि शेवटी पाव किलोवर भागवतो. आठवण सांगणारा काउंटरवर कोपर टेकतो आणि सुरू होतो, ‘आम्ही लहान असताना आजोबांबरोबर आंगणेवाडीच्या जत्रेला जायचो...’ त्याचे आजोबा जत्रेतून परत घरी पोचेपर्यंत इकडे दोन किलो खाजा बांधून झालेला असतो आणि शेजारी कोकम आगळाच्या दोन बाटल्या उभ्या राहिलेल्या असतात. आठवणीत खंड नको म्हणून तो बिलही वाचत नाही.

खाजाची कृती साधी आहे. हरभऱ्याच्या पिठाच्या करंगळीएवढ्या कांड्या तळायच्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात टाकायच्या आणि पाक सुकून पांढरट होईपर्यंत हलवत राहायचं. कोकणाबाहेरच्या माणसाला दिला, तर तो दोन कांड्या खातो, ‘छान आहे’ म्हणतो आणि पुडा बंद करून ठेवतो. मुंबईकर चाकरमान्याचं तसं नाही. त्याच्या कांडीत जत्रेतली पेट्रोमॅक्सची बत्ती असते, रात्रभर चाललेला दशावतार असतो, बापाच्या खांद्यावर झोपलेला धाकटा भाऊ असतो. दुकानदार पैसे लावतो ते फक्त पीठ, गूळ आणि आल्याचे. तसं पाहिलं तर सौदा स्वस्तात पडतो.

एवढं असून पहिली कांडी चावल्यावर तक्रार ठरलेली, ‘पूर्वीची चव राहिली नाही हो.’ यावर आमच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं आहे. ‘काकानू, पूर्वीची चव व्हयी तर पूर्वीचे दात घेवन येवा.’ काका मनापासून हसतात आणि आणखी अर्धा किलो घेतात.

मसाल्याचंही तेच. लालबागच्या मसाला गल्लीत डोळ्यांदेखत डंकावर कुटलेला मालवणी मसाला मिळतो, तोही घरापासून दहा मिनिटांवर. पण चाकरमान्याला तो चालत नाही. मालवणातूनच न्यायला हवा, बारा तास मांडीवर घेऊन, सगळ्या डब्याला शिंका आणत. त्यात पडणारी बेडगी आणि संकेश्वरी मिरची कर्नाटकातून येते, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. मिरचीलासुद्धा मालवणला येऊनच मालवणी व्हावं लागतं.

आता तर आठवणीची रीतसर दुकानदारी झाली आहे. तारकर्ली-देवबागकडे जा, रस्त्याच्या दुतर्फा पाट्या: ‘चुलीवरचं जेवण’. गॅसवर केलेल्या सागोतीपेक्षा चुलीवरची महाग. हे ऐकून आमच्या शेजारची म्हातारी अवाक झाली होती. तिचा अर्धा जन्म चुलीपुढे फुंकणी मारण्यात गेला आणि घरात पहिला सिलिंडर आला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. ‘माझे डोळे धुरान गेले,’ ती म्हणाली, ‘आणि हो पैशे देवन धूर खाता!’

पाहुण्यांना शेणाने सारवलेलं खळंही हवं असतं. गावात मात्र ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने आधी खळ्यात लादी घातली, कारण सारवायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी लादीपेक्षा महाग पडते. तेव्हा आता असं झालं आहे की मालक लादीच्या घरात राहतो आणि पाहुण्यांसाठी मागच्या बाजूला नवीन जुनं घर बांधतो. नवीन जुनं घर हा शब्दप्रयोग माझा नव्हे, गवंड्याचा.

सावंतवाडीच्या चितारआळीत तर हा प्रकार पाहून डोळे निवतात. तिथे लाकडाची वांगी, मिरच्या, कारली, केळी इतकी हुबेहूब रंगवून मिळतात की हात लावल्याशिवाय कळत नाही. आईबाप हरखून जातात, ‘आमच्याकडे अशीच टोपली होती!’ म्हणतात आणि मुलासाठी भाजीची अख्खी टोपली घेतात. मूल कडेवर बसून मोबाइल पाहत असतं. खरं वांगं त्याने आजवर तोंडात घेतलेलं नाही आणि लाकडाच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. टोपली शेवटी बैठकीच्या काचेच्या कपाटात जाते आणि मुलाला सांगितलं जातं, हात लावू नकोस, मोडेल. खेळणं कोणासाठी घेतलं होतं हे तिथे उघड होतं.

हे सगळं आपल्याच गावात चालतं असं समजायचं कारण नाही. ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांनी चाळिशी-पन्नाशीच्या माणसाची नस कधीच ओळखली आहे. जावा मोटरसायकल २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. कॅम्पा कोला २०२२ मध्ये रिलायन्सने विकत घेतला आणि पुढच्या वर्षी तो नव्या बाटलीत दुकानांत मांडला. बजाजची चेतक २०२० मध्ये परतली, या खेपेला विजेवर चालणारी. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी ती घेतली. पहिल्या दिवशी खळ्यातून बाहेर काढली आणि सुरू करण्याआधी सवयीने उजव्या अंगाला आडवी केली. जुनी चेतक आडवी करून हलवल्याशिवाय तिच्यात प्राण येत नसे, हे त्या पिढीच्या हाडांत मुरलेलं आहे. या गाडीत पेट्रोलही नाही आणि कार्बोरेटरही नाही. सूनबाई म्हणाली, ‘बाबा, चार्जिंग सांडेल.’

इथपर्यंत ठीक आहे. खाजा, मसाला, लाकडी कारलं आणि फार तर एक स्कूटर, यांत कोणाचं घर बुडत नाही. गंमत पुढे आहे. हाच माणूस जेव्हा पैसा खर्च न करता गुंतवायला बसतो, तेव्हा ते बालपण एकदम पळून जातं आणि त्याच्या जागी त्याच्या वडिलांचं बालपण येऊन बसतं. खाताना आपण आजोबांचं बोट धरतो, गुंतवताना वडिलांची भीती धरतो. जत्रेत जीभ मोकळी सुटते. पैशापाशी आली की दातखीळ बसते.

समजा, एखाद्याने ठरवलं की ज्या कंपन्यांनी आपलं बालपण गोड केलं त्यांचेच शेअर घ्यायचे. बालपणाचा निर्देशांकच काढायचा. तर पहिल्याच ओळीला खोळंबा. पार्ले-जी? पार्ले प्रॉडक्ट्स शेअर बाजारात नाही. रसना? नाही. विको? नाही. नटराज पेन्सिल बनवणारी कंपनी? तीही नाही. अमूल आणि लिज्जत पापड या सहकारी संस्था. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर तर जन्माने मालवणचेच, १९७३ पासून ते कॅलेंडर मराठी घरांच्या भिंतीवर आहे, पण त्याचाही शेअर नाही. (आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. तेव्हा मालवणच्या माणसाच्या कॅलेंडरालाही मालवणच्या जत्रेसाठी देवीच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं.) कॅम्लिनच्या कंपासपेटीचा शेअर आहे, पण २०११ पासून मालकी जपानच्या कोकुयोची. निर्देशांकात उरतं काय, तर बाटा आणि कोलगेट. आमच्या पिढीचे निम्मे अनवाणी शाळेत गेले आणि दात राखुंडीने घासले.

याच यादीत एक नाव होतं, ज्याचा शेअर होता आणि जे सगळ्यांच्या जिभेवरही होतं. रावळगाव. वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात साखरेचा उद्योग उभा केला आणि चाळीसच्या दशकात त्याच नावाच्या गोळ्या निघाल्या. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांच्या शर्टाच्या खिशांना त्यांनी कायमची मुंग्यांची वस्ती दिली असेल, सांगता येत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत या कंपनीने आपली गोळ्यांची नावं आणि कृती रिलायन्सला २७ कोटी रुपयांना विकल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, सगळं त्यात आलं. मुंबईतल्या एखाद्या बड्या फ्लॅटच्या किमतीत अख्ख्या महाराष्ट्राचं बालपण गेलं.

बातमी आली त्या दिवशी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर सुतक होतं. कोणी रडणारे चेहरे टाकले, कोणी गोळीच्या कागदाचा फोटो. एकाने तर ‘आपली अस्मिता विकली गेली’ असा परिच्छेद लिहिला. शेवटी गटातल्या एका वाण्याच्या मुलाने, जो आज स्वतः वाणी आहे, एवढंच विचारलं, ‘गेल्या दहा वर्षांत तुमच्यापैकी कोणी माझ्या दुकानातून ती गोळी नेली?’ त्यानंतर गटावर शांतता पसरली ती दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातापर्यंत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आठवण काढायला पैसे पडत नाहीत, म्हणून ती भरपूर काढली जाते. कंपनी मात्र विक्रीवर चालते. ज्या वस्तूबद्दल गिऱ्हाईक ‘अरे, ही अजून मिळते?’ असं विचारतं, तिचा शेअर घेऊ नये. ज्या वस्तूबद्दल ते काहीच विचारत नाही, नुसतं उचलून पिशवीत टाकतं, तिचा बघावा.

उलट उदाहरण आहे ते वॉरन बफे यांचं. या गृहस्थांनी १९३६ मध्ये, पोरवयात, घरच्या किराणा दुकानातून कोका-कोलाच्या सहा बाटल्या २५ सेंटला उचलायच्या आणि गल्लीत एकेक ५ सेंटला विकायची असा धंदा केला. म्हणजे सहा बाटल्यांमागे ५ सेंट नफा. पेय गोड, नफा गोड, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतंय, हे सगळं बघूनसुद्धा त्यांनी कोका-कोलाचे शेअर घेतले ते १९८८ मध्ये. मधली ५२ वर्षं डोळ्यांना दिसत होतं ते मेंदूपर्यंत पोचलं नाही, असं त्यांनी स्वतःच भागधारकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे. जगातल्या सर्वात हुशार गुंतवणूकदाराला बालपणापासून शेअरपर्यंत यायला ५२ वर्षं लागली. आमचे चाकरमानी तरी काय वेगळं करत होते? ज्या काळात चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्या काळात त्याच बजाजच्या शेअरसाठी रांग नव्हती. स्कूटरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पुढे केवढी रांग आहे ते दिसत होतं. त्या रांगेचा अर्थ काय, हे विचारायला सवड नव्हती. मागचा माणूस पुढे घुसला तर?

माझ्या पिढीच्या पैशाला खरी दिशा दिली ती आईबापांच्या कुजबुजीने. उलरिके माल्मेंडियर आणि स्टेफान नागेल या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या घरांचा अभ्यास करून दाखवलं, की ज्यांनी आपल्या आयुष्यात शेअर बाजाराचे वाईट दिवस जास्त पाहिले ते पुढेही बाजाराच्या वाऱ्याला कमी उभे राहतात. त्यांनी एकदा कुडाळला यायला हवं होतं. १९९२ च्या एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण फुटलं, तेव्हा ज्यांचे वडील शेअर घेऊन बसले होते ते लोक आजही ‘शेअर’ हा शब्द खालच्या आवाजात उच्चारतात; पूर्वी गावात ‘दारू’ म्हणत तसा. बरं, शेअर नको म्हणून ज्यांनी सरकारी वाटणारं युनिट-६४ घेतलं, त्यांना २ जुलै २००१ रोजी यूटीआयने सहा महिने खरेदी-विक्री बंद असल्याचं सांगितलं. १९६४ पासून लोक ते मुलीच्या लग्नासाठी ठेवत आले होते. त्या वर्षी काही लग्नं सहा महिने पुढे गेली असतील तर नवल नाही.

आणि मग ती ‘बारा टक्के’ची गोष्ट. पीपीएफला १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के व्याज होतं. किसान विकास पत्र १९८८ मध्ये निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. आज पीपीएफ ७.१ टक्के देतं आणि किसान विकास पत्राला दुपटीसाठी ११५ महिने लागतात. आमच्या मामांशी गुंतवणुकीवर बोलायला बसा, पाचव्या मिनिटाला बारा टक्के येतात. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे भाव असतात ते मी फक्त ‘पूर्वी बांगडे घमेल्याने मिळायचे’ हे सांगताना पाहिले आहेत. त्याच काळात, १९९१ मध्ये, महागाईही १३ टक्क्यांच्या पुढे होती, हे सांगितलं की मामा नाराज होतात. व्याज लक्षात राहतं, कारण ते पासबुकात लिहिलेलं असतं. महागाईची नोंद कुठल्या पासबुकात? ती मामींच्या डोक्यात असते, आणि मामींना कोणी विचारत नाही. पार्ले-जीवाल्यांना ही मेख ठाऊक. त्यांनी वर्षानुवर्षं पुड्याची किंमत जवळजवळ हलवली नाही, पुडाच बारीक करत नेला. गिऱ्हाइकाला आठवते ती किंमत. आपण किती बिस्किटं खात होतो ते कोण मोजतो?

कोकणी माणसाने आठवणीत गुंतवलेला पैसा एकदा मात्र खरोखर कामी आला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि त्याने बाजारात रोखे काढून मोठी रक्कम उभी केली. लहानपणी ज्यांनी बोटीतून ओकत किंवा घाटातून एसटीत ओकत प्रवास केला होता, त्यांना त्या रेल्वेचं मोल सांगावं लागलं नाही. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला. मालवणला स्टेशन काही नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरून पुढे रिक्षावाल्याच्या मर्जीवर. गणपतीचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि आपण पासवर्ड आठवेपर्यंत संपतं. पण रेल्वे आली.

याच नव्वदीत दुसरीकडे सागवान आलं. गावाला जायला जमत नाही, मातीत हात घालायची हौस तर आहे, अशा शहरातल्या माणसांना कंपन्यांनी झाडं विकायला सुरुवात केली. तुमच्या नावाचं झाड आम्ही लावतो, वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या. गावातल्या फणसाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. घरी झाडाचं प्रमाणपत्र आलं, ते फ्रेम करून लावलं गेलं. पुढे सेबीला १९९९ मध्ये अशा सामूहिक योजनांसाठी नियम करावे लागले, तोवर बऱ्याच कंपन्या जंगलात नाहीशा झाल्या होत्या. घरच्या परड्यातलं झाड तरी कापून चुलीत घालता येतं.

आता शेवटची आणि सर्वात मोठी गुंतवणूक म्हणजे गावचं घर. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून ते बांधायचं, गेटवर आईचं नाव घालायचं, वरचा मजला ‘पुढेमागे मुलांना लागेल’ म्हणून काढायचा आणि वर्षातले चतुर्थीचे आठ-दहा दिवस त्यात राहायचं. उरलेले दिवस त्यात पाली राहतात. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात वाळवी, त्याशिवाय चावी ठेवणाऱ्या भावाला दर महिन्याला काही ना काही. परतावा विचारला तर मालक रागावतो, ‘घराचा कसला परतावा?’ आणि सातबारा बघितला तर जमीन सामाईक, चुलत्यांची, चुलत्यांच्या चुलत्यांची नावं खाली खाली उतरत गेलेली. विकायची म्हटली तर सह्या गोळा करता करता सह्या करणारे संपतात. मी हिशोबाच्या वहीत याला तोटा म्हणेन. पण चतुर्थीच्या रात्री त्या घरात भजनाची डबल बारी रंगली, की तोटा मांडणाऱ्याला कोणी आत घेणार नाही, हेही मला दिसतं.

तर वाचकहो, एक कामाचं सांगतो. जुन्या मुंबईकर चाकरमान्यांपैकी काही जण शिवडी-परळच्या कारखान्यांत होते, आणि त्यांच्यातल्या काहींनी कोणाच्या तरी सांगण्यावरून पाच-दहा शेअर घेऊन ठेवले होते. हिंदुस्थान लिव्हरने १९५६ मध्ये आणि कोलगेटने १९७८ मध्ये लोकांना शेअर दिले होते, तेव्हा हे अशक्य नाही. ते कागद गावच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जन्मपत्रिकांखाली असू शकतात. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जमा होतात, पण बुडत नाहीत. वारसाला आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरून परत मागता येतात. तेव्हा या चतुर्थीला फणसपोळी बांधून झाली की शिडी लावा आणि पेटी खाली काढा. आजोबांचं नाव शेअरच्या कागदावर एका स्पेलिंगचं आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या स्पेलिंगचं असणार, हे धरूनच चाला. त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, म्हणून सुट्टी दोन दिवस जास्तीची टाका, आणि ते दोन दिवस शनिवार-रविवार नसतील एवढं बघा.